आयोग हवाच, पण कुणाचा आणि कशासाठी?

पुणे महापालिकेने ज्येष्ठांसाठी सल्लागार आयोग नेमावा आणि त्यात निवृत्त अधिकारी, डॉक्टर घ्यावेत, अशी एक सूचना आली आहे. तिला माझा अर्धा पाठिंबा.

आधी हद्द ठरवा. नाहीतर पहिल्याच बैठकीत लोक मुलांनी घर लिहून घेतल्याच्या तक्रारी घेऊन येतील. त्या खऱ्याच असतात, पण आई-वडील आणि ज्येष्ठांच्या निर्वाहासाठीच्या २००७च्या कायद्याप्रमाणे त्या जातात प्रांताधिकाऱ्यांकडच्या (म्हणजे महसूल खात्याच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या) निर्वाह न्यायाधिकरणाकडे. पंचाहत्तरीनंतरचा मोफत एसटी प्रवास राज्याचा विषय. महापालिकेच्या हातात आहेत फुटपाथ, स्वच्छतागृहं, बागा, दवाखाने. (हेही थोडं नाही म्हणा!)

आमच्या चौकातला फुटपाथ इतका उंच की काठी टेकवणारा माणूस तो सोडून रस्त्याच्या कडेनेच चालतो. सिग्नल सुटतो तेव्हा आजी दुभाजकापर्यंतच पोचलेल्या असतात. इथे तज्ज्ञ नको, त्या आजीच आयोगावर हव्यात. भाजीविक्रेती, वस्तीतली एकटी विधवा, धुणीभांडी करून थकलेली बाई, यांना पेन्शन नाही आणि विरंगुळा केंद्रात जायला वेळही नाही. ज्येष्ठ नागरिक संघांचे अध्यक्ष तर असतीलच, त्यांना कोण वगळतंय!

आणि शिफारशी दिवाळीच्या आसपास आयुक्तांकडे गेल्या पाहिजेत. अंदाजपत्रक छापून झाल्यावर दिलेला सल्ला फाईलमध्येच राहतो. शिफारस नाकारली तर कारण लेखी द्यायचं, एवढं एक कलम ठरावात घालून घ्या. मानधन, लेटरहेड वगैरे नंतर बघू.