पेव्हर ब्लॉक नकोत, मुरूमच नीट बसवा

पावसाळ्यात बागेतल्या मुरमाच्या पायवाटेचा चिखल होतो म्हणून पेव्हर ब्लॉक घालावेत, असं काही जण सुचवतात. कृपया नको! दोष मुरमाचा नाही, साचणाऱ्या पाण्याचा आहे. दीड मीटर रुंदीच्या वाटेला एका बाजूला 4-5 सेंमी उतार द्या आणि त्या कडेला उथळ चर काढा. काळी माती असेल तर आधी ती खणून काढा. ओली झाली की ती फुगते आणि मुरूम तिच्यात रुततो. मग 10 सेंमी खडी, वर 10 सेंमी मुरूम, तोही दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबलेला. पाणी बेताचंच: मुठीत दाबलेल्या मुरमाचा गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये. मोठ्या झाडांजवळ मात्र खोदूच नका, मुळं तुटतात. तिथे वाट वळवा.