ओल्या कचऱ्यासाठी ‘बायोडिग्रेडेबल’ पिशव्या घ्याव्यात का?

नेरूळची_निमा: सोसायटीने काळ्या पिशवीतला ओला कचरा घेणं बंद केलंय, म्हणून ऑनलाइन ३० हिरव्या पिशव्या मागवल्या. काल कोलंबीची सालं भरून निघाले, तर लिफ्टमध्येच बूड सुटलं! वास अजून जात नाहीये. चांगली पिशवी सुचवा, की नादच सोडू?

ऐरोली_५: पाकिटावर नेमकं काय छापलंय? नुसतं ‘बायोडिग्रेडेबल’ असेल तर त्याला काही अर्थ नाही. ‘कंपोस्टेबल’ (म्हणजे खत होणारी) हवं, सोबत आयएस/आयएसओ १७०८८ हा मानक क्रमांक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक. काही स्वस्त पिशव्या म्हणजे साध्या प्लास्टिकमध्ये रसायन घातलेलं असतं. त्या कुजत नाहीत, त्यांचा भुगा होतो. युरोपीय संघाने तसल्या २०२१ पासून बंद केल्यात.

नेरूळची_निमा: पाकीट बघितलं. झाडाचं पान छापलंय, बाकी काही नाही 🤦

घोडबंदर_काकू: अगं, खरी घेतलीस तरी जाते कुठे ते बघ. ती कुजायला ५८ अंशांच्या आसपास तापणारा मोठा ढीग लागतो. आमच्या बाल्कनीतल्या ड्रममध्ये चार महिन्यांपूर्वी एक टाकली होती. भाजीचं खत झालं, पिशवीचे बंद तसेच! आणि आमच्याकडे खाली मावशी पिशवी फाडून कचरा ड्रममध्ये ओततात, रिकामी पिशवी सुक्यात. तिथे ती बाकीच्या प्लास्टिकमध्ये मिसळून त्याचाही रिसायकलिंगला उपयोग ठेवत नाही. मी पिशवीच सोडली. डब्यात वर्तमानपत्राचे दोन कागद, चहाचा चोथा आणि सालं आधी चाळणीत निथळायची. मासळीचं असेल तर पुडी बांधून फ्रीजरमध्ये, सकाळी गाडीच्या वेळेला बाहेर.

वाशीकर७८: फ्रीजरमध्ये कचरा! आमच्या आई घराबाहेर काढतील मला.

ऐरोली_५: 😄 पण डबा रोज धुणं सगळ्यांना जमत नाही हेही खरं. वयस्कर माणसं असतील आणि सोसायटीत किंवा पालिकेकडे खरंच खत होत असेल, तर प्रमाणित पिशवी घ्या. मात्र ओलं एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नका. डायपर, पॅड यांना ती पिशवी वाया घालवू नका, ते कागदात गुंडाळून वेगळे द्यायचे.

नेरूळची_निमा: खाली विचारून आले. आमच्याकडेही मावशी फाडूनच ओततात. आजपासून कागद. पण उरलेल्या २२ पिशव्यांचं काय करू?

घोडबंदर_काकू: सुक्या कचऱ्याला वापरून टाक. कोलंबी सोडून काहीही भर.