अमेरिकेची दारूबंदी खरंच फसली होती का?

रानजाई
चंद्रपूरची दारूबंदी 2021 मध्ये उठली तेव्हापासून बघतेय, बंदीचा विषय निघाला की तिसऱ्या प्रतिसादात अल कपोन, म्हणजे बंदीत चोरटी दारू विकून गब्बर झालेला शिकागोचा गुंड, हजर. 'अमेरिकेनं करून बघितलं, तोंडावर आपटली, विषय संपला.' मला हे पटत नाही.

1920 ते 1933 या बंदीच्या काळात तिथे पिणं घटलं होतं. सुरुवातीला खप आधीच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर आला. पुढे चढला, पण बंदी असेपर्यंत जुन्या पातळीला गेला नाही. यकृत सुकून मरणाऱ्या पुरुषांचं प्रमाण 1911 मध्ये लाखामागे 29 च्या आसपास होतं, 1929 मध्ये 11 च्या आसपास.

आणि ही बंदी कुणा सनातन्याला रात्रीतून सुचलेली नव्हती. 1874 पासून बायकांची संघटना त्यासाठी झटत होती. तिथले गुत्ते बहुतेक बिअर कंपन्यांच्या पैशावर चालायचे. दारूवर जेवण फुकट, तेही खारट, म्हणजे तहान लागलीच पाहिजे. पगाराचा चेक वटवायची सोयही तिथेच. मग घरी काय पोचणार? हे वाचून आपल्याकडची कुठली वस्ती आठवत नाही, असा माणूस हात वर करा.

शिकागोचा_वारा
धागा झकास, पण 1911 हे वर्ष फार सोयीचं निवडलंत, ताई. यकृताच्या मृत्यूंचा आकडा मुख्यतः 1920 च्या आधीच कोसळला होता. पहिल्या महायुद्धात धान्य वाचवायला दारू गाळण्यावर निर्बंध आले, ते त्यातलं एक कारण. देशव्यापी कायदा लागू झाला 17 जानेवारी 1920 ला. म्हणजे आजारी बरा झाल्यावर आलेल्या डॉक्टरला तुम्ही फी देताय.

डॉक्टरवरून आठवलं. त्या कायद्यात पिणं गुन्हा नव्हताच. बनवणं, विकणं, वाहून नेणं गुन्हा. पैसेवाल्यांनी आधीच तळघरं भरून ठेवली. शिवाय डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून व्हिस्की मिळायची, माणशी दहा दिवसांत एक पाइंट, म्हणजे साधारण अर्धा लिटर. चर्चिल न्यूयॉर्कमध्ये मोटारीखाली सापडला, तेव्हा त्याच्या डॉक्टरनं 1932 मध्ये लिहून दिलं की रुग्णाला मद्याची गरज आहे, विशेषतः जेवणाच्या वेळी. प्रमाण सांगता येत नाही, पण किमान 250 सीसी. 'किमान' वाचा! औषधाला कमाल मर्यादा ऐकली होती, ही पहिलीच उलटी चिठ्ठी.

पाटावरवंटा
हसताय काय? आपल्या 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यातला परवानाही आरोग्य राखण्यासाठीच मिळतो की! परमिट रूमची पाटी रोज बघतो, परमिट किती जणांच्या खिशात असतं ते विचारू नका. मोरारजीभाईंच्या काळात साहेबाला परवाना आणि कामगाराला आंटीच्या खोलीतली हातभट्टी. 1977 मध्ये पंतप्रधान झाल्यावर तर त्यांनी अख्ख्या देशात बंदी आणायची ठरवली होती. सरकारच टिकलं नाही, म्हणून तो प्रयोग राहिला.

रानजाई
@शिकागोचा_वारा, 1920 च्या आधी आकडा पडला, मान्य. पण त्या वर्षांत एकामागून एक राज्यं बंदी आणत होती, त्याचं काय? बंदीला श्रेय द्यायचं नाही म्हणून राज्यांच्या बंद्या हिशेबातून वगळायच्या, हे कुठलं गणित?

गावठी_गप्पा
दोघंही यकृतात अडकलात. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा.

रंग, औषधं बनवायला कारखान्यांना अल्कोहोल लागायचंच. कुणी पिऊ नये म्हणून त्यात विष मिसळायची पद्धत 1906 पासूनची. बंदीनंतर तस्कर तेच अल्कोहोल पळवायचे आणि पगारी रसायनतज्ज्ञ ठेवून त्यातलं विष काढायचे. मग सरकारनं काय केलं? 1926 च्या अखेरीस विषाचं प्रमाणच वाढवलं. मिथाइल अल्कोहोल, आपल्याकडे विषारी दारूच्या बातमीत असतं तेच मिथेनॉल. आधी नजर जाते, मग माणूस. त्याच नाताळात न्यूयॉर्कच्या इस्पितळांत माणसं येऊन पडली. शहराचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस यांनी उघड सांगितलं की विष घालून पिणं थांबत नाही हे सरकारला ठाऊक आहे, तरी ते घालतंय, तेव्हा या मृत्यूंची नैतिक जबाबदारी सरकारचीच. त्यावर अँटी-सलून लीग या बंदीवाल्या संघटनेचे वेन व्हीलर म्हणाले, असली दारू पिणारा जाणूनबुजून आत्महत्या करतो.

मरत कोण होतं? चर्चिलला चिठ्ठी होती. चिठ्ठीचे पैसे नसलेला मरत होता. रानजाई, तुमच्या लाखामागच्या आकड्यात ही माणसं कुठल्या रकान्यात बसतात?

रानजाई
विष वाढवणं नीचपणाच होता, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण 2015 मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉलनं शंभरावर माणसं गेली, तेव्हा तिथे कुठे बंदी होती? सरकारमान्य देशीचं दुकान असतानाही गरीब माणूस स्वस्त म्हणून तेच पिशवीतलं पितो. विषारी दारूचं सगळं खापर बंदीवर फोडू नका.

गावठी_गप्पा
मालवणीत विष गुन्हेगारांनी विकलं, पकडले गेल्यावर खटला चालला. न्यूयॉर्कमध्ये सरकारनं घातलं, त्याच्यावर कोण खटला भरणार? फरक छोटा नाही.

हिशेबनीस
उगाच भावनिक होताय. अमेरिकेत बंदी आली पैशामुळे आणि गेलीही पैशामुळे. आधी केंद्राचा जवळपास एक तृतीयांश महसूल दारूतून यायचा, त्यामुळे बंदी परवडणारीच नव्हती. 1913 मध्ये आयकर आला आणि वाट मोकळी झाली. 1929 नंतर मंदीत आयकर आटला, लगेच सगळ्यांना दारूवरचा कर आठवला. अध्यक्ष रूझवेल्टनं एप्रिल 1933 मध्ये आधी 3.2 टक्क्यांची बिअर सोडली, 5 डिसेंबरला बंदीच गेली. अंमलबजावणीला सुरुवातीला अख्ख्या देशात दीडेक हजार माणसं. एवढ्यात आपला एक जिल्हा सांभाळून दाखवा.

पाटावरवंटा
म्हणूनच आपली 'आडवी बाटली' बरी. वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त मतदार बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद. दिल्लीहून कुणी सांगायला नको.

शिकागोचा_वारा
इथे अमेरिकेतही 1933 नंतर निर्णय राज्यांवर सोडला. मिसिसिपी 1966 पर्यंत कोरडं होतं. आणि जॅक डॅनियल्स व्हिस्की जिथे बनते ती टेनेसीतली काउंटी, म्हणजे जिल्हा, त्यानंतरही कायद्यानं कोरडीच राहिली! गाळा, जगभर पाठवा, पण गावातल्या हॉटेलात मागू नका.

रानजाई
आडव्या बाटलीला माझं मत आहेच. पण दुकान बंद झाल्यावर शेजारच्या वॉर्डात जाऊन पिऊन येणाऱ्या नवऱ्याचं काय करायचं, ते @पाटावरवंटा यांनी सांगावं. अमेरिकेतल्या बायका आधी गाव, मग राज्य, मग देश अशा चढत गेल्या त्या याच कारणानं.

गावठी_गप्पा
आणि देशाच्या पुढे कॅनडा होता. दारू तिथूनही आली.