रेप्युटेशनवर नजर ठेवणारी टूल्स: छोट्या धंद्याला परवडतात का, आणि हवीत कशाला?

गुहागरकर
आमचा होमस्टे आहे. एक एजन्सी 'ब्रँड मॉनिटरिंग'चं पॅकेज गळ्यात मारतेय. आमचं नाव नेटवर कुठे निघालं की अलर्ट, शिवाय बरं बोलले की वाईट याचा हिरवा-लाल तक्ता. मला विचाराल तर हे मोठ्या कंपन्यांचे चोचले. गूगल अलर्ट्स २००३ पासून फुकट आहे. नवा रिव्ह्यू पडला की गूगलच्या बिझनेस प्रोफाइलचा मेल येतो. मग दरमहा पैसे कशाचे?

डेटावाला
अलर्ट्सच्या भरवशावर राहाल तर फसाल. इन्स्टाच्या रीलवर कोणी तुमच्या बाथरूमची लक्तरं काढली, तर त्यात पत्ताही लागणार नाही. पेड टूलला अकाउंट जोडलं की टॅग आणि कॉमेंट तरी एका जागी दिसतात. मॅगीचं आठवा. २०१५ मध्ये त्यात जास्त शिसं असल्याची बोंब वाढत गेली आणि कंपनी गाफील राहिली.

सौ. शंकेखोर
गाफील? मॅगीवाल्या नेस्लेने स्वित्झर्लंडमधल्या वेवेच्या मुख्यालयात सोशल मीडियावर लक्ष ठेवणारी खास टीम त्याच्या कितीतरी आधी बसवली होती! दिसत सगळं होतं, बोलायला उशीर झाला. ग्लोबल सीईओ दिल्लीत पत्रकारांसमोर आले ते ५ जूनला, म्हणजे एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याचा, बंदीचा आदेश निघाला त्याच दिवशी. ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने तो आदेश रद्द केला, पण तोवर पाकिटं दुकानांतून उचलून नष्टही करून झाली होती. यात टूल काय करणार होतं, कपाळ?

डेटावाला
त्यांनी वापरलं नाही, हा टूलचा दोष नाही. मे महिन्यात सगळ्या खोल्या भरलेल्या असताना गुहागरकर बुकिंग साइट, यूट्यूब, एक्स (पूर्वीचं ट्विटर) सगळीकडे स्वतः फिरून बघणार का?

पुणेरी ओआरएम
मी हेच ओआरएमचं, म्हणजे ऑनलाइन रेप्युटेशन सांभाळायचं, काम करते, म्हणून सांगते. हिरव्या-लाल तक्त्यावर मराठीत तरी विसंबू नका. "वा, काय सर्व्हिस! सकाळचा चहा जेवणाच्या वेळेला आला, धन्य झालो." हे आमच्या डॅशबोर्डवर हिरव्यात! क्लायंट खूश, मी कपाळाला हात लावून. रोमन लिपीतल्या मराठीची तर आणखी दैना. २०२३ मध्ये एक्सने फुकटची एपीआय (बाहेरच्या टूलला एक्सवरच्या पोस्ट वाचू देणारी जोडणी) बंद केली, तेव्हापासून स्वस्त पॅकेजमध्ये एक्स खरंच येतं का हेही विचारून घ्या. आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमची जी काही उणीदुणी निघतात, ती एन्क्रिप्शनमुळे (मेसेज कुलूपबंद असतात) कुठल्याच टूलला दिसत नाहीत. तरीही मोठ्या साखळी हॉटेलला मी टूल घ्याच म्हणेन. पाच-सहा खोल्यांना नाही.
गुहागरकर, एजन्सी 'वाईट रिव्ह्यू काढून देऊ' म्हणाली का?

गुहागरकर
पहिलं वाक्यच ते होतं.

पुणेरी ओआरएम
मग पळा. गूगल फक्त नियमात न बसणारे रिव्ह्यू काढतं आणि ती तक्रार तुम्हाला स्वतःला फुकटात करता येते. पाणी गार होतं असं खरं लिहिलेला रिव्ह्यू कोणी काढून देत नाही. हे लोक बहुधा खोटे पाच स्टार ओतून तो खाली ढकलतात, आणि पकडलं गेलं तर प्रोफाइल तुमचं जातं.

डेटावाला
एजन्सी भामटी निघाली म्हणून टूल वाईट ठरत नाही. एक महिन्याची ट्रायल घेऊन बघा.

सौ. शंकेखोर
त्यापेक्षा गीझर बदला.