८६ डीबीच्या स्पीकरला १० वॅटचा अँप (अँप्लिफायर) पुरेल का?

जुळे सोलापूर: नमस्कार मंडळी. हॉल १२ बाय १४, बुकशेल्फ स्पीकर आहेत, मागं ८६ डीबी आणि ८ ओहम लिहिलंय, बसतो साधारण ८ फुटांवर. आत्ताचा अँप १०० वॅटचा, आवाज भरपूर पण तासाभरात कान शिणतात. परवा ओळखीच्यांकडे १० वॅटचा क्लास-ए (गाणं असो-नसो सतत पूर्ण करंट ओढणारा) अँप ऐकला, विलंबित चालू होतं, डग्ग्यावर मनगट घासतं ना ते पण ऐकू आलं, तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. दुकानदार म्हणतो १० वॅटमध्ये स्पीकर हलणार पण नाही. मी शास्त्रीय आणि नाट्यसंगीतच ऐकतो. घ्यावा का?

जुना रेडिओवाला: वॅट नंतर बघा, आधी तो ८६ चा आकडा बघा. १ वॅट दिला की १ मीटरवर ८६ डीबी आवाज येतो असा त्याचा अर्थ. वॅट दुप्पट केले तर फक्त ३ डीबी वाढतात आणि दहापट केले तर १०, म्हणजे १० वॅटला ९६ आणि तुमच्या १०० वॅटला १०६, एवढाच फरक. ८ फुटांपर्यंत येताना ६-७ डीबी जातात, स्पीकर दोन म्हणून थोडे परत मिळतात, ९१-९२ धरा. घरात आपण ७०-७५ ला ऐकतो, तबल्याची थाप त्याच्या वर १५-२० उसळते. बहुतेक बसतंय की. आणि बहुतेक वेळ तुम्ही १ वॅटच्या आतच असता, त्यामुळे तो पहिला वॅट किती स्वच्छ आहे यावर सगळं आहे. १०० डीबीचे हॉर्न (भोंग्यासारखे) स्पीकर असतील तर ३००बी व्हॉल्वचा ८ वॅटचा अँपसुद्धा हॉल भरतो, पण बीबीसीच्या एलएस३/५ए सारखा ८२-८३ डीबीचा स्पीकर असता तर मी नको म्हटलं असतं.

होटगी रोड: रेडिओवाल्या अण्णांचा हिशोब बरोबर आहे पण ८ ओहम (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) लिहिलं म्हणजे सगळ्या सुरांना ८ नसतो, काही स्पीकर मध्येच ४ च्या खाली उतरतात आणि तिथं छोट्या अँपचा दम निघतो. वर नॉब पिळला की क्लिपिंग, म्हणजे दम संपून आवाज फाटतो, आणि क्लिपिंगमध्ये ट्विटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) जातो. आमच्याकडं हळदीला पोरांनी छोटा अँप फुल्ल केला, सकाळी उजव्या बाजूचा ट्विटर गप्प. नाचगाण्याला वापरणार असाल तर घेऊच नका. दुसरं म्हणजे क्लास-ए गाणं नसलं तरी तापतो, आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ असतं, शोकेसमध्ये कोंबू नका, वर आणि बाजूला मोकळी जागा पाहिजेच.

मीटरवाला: अंदाज कशाला, मोजा की. तुमचं सगळ्यात मोठ्या आवाजाचं गाणं लावून नॉब जिथं नेता तिथंच ठेवा. मग उणे १२ डीबीचा १२० हर्ट्झचा टोन थोडाच वेळ लावा आणि साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलला लावा, वायरी एकमेकीला टेकू देऊ नका. येईल त्या आकड्याला ४ ने गुणा (उणे १२ डीबी म्हणजे पूर्ण पातळीच्या पाव व्होल्ट), वर्ग करा, तुमच्या ८ ओहमने भागा. तेवढे वॅट तुम्हाला लागतात.

जुळे सोलापूर: काल रात्री मोजलं. एवढ्या मोठ्यानं की आई आतून ओरडली, तरी मीटरवर १.३ व्होल्ट. म्हणजे साडेतीन वॅटच्या पण आत! दोनदा करून बघितलं, तेच. ते ओळखीचे आठ दिवस अँप द्यायला तयार आहेत, रविवारी आणतो, शोकेसच्या वर उघड्यावर ठेवतो आणि त्यावरच नाट्यसंगीत लावून बघतो.