लॅपटॉप तापतोय, पंक्चरवाल्याकडे हवा मारून घेऊ का?

डिचोलीकर: घर रस्त्याला लागून. खनिजाचे ट्रक सुरू झाले की सकाळी झाडलेली ओसरी दुपारी परत लाल. लॅपटॉप 5 वर्षांचा, कधी उघडलेला नाही. शिगम्याच्या नाटकाची संहिता टाइप करतोय तर पंखा असा घोंघावतो की आई आतून विचारते, मिक्सर कोणी लावला? तापमान 96 अंश, काल आपोआप बंदच पडला. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर आहे. जाळीतून हवा मारून घेऊ?

म्हापशाचो: नको रे बाबा! त्या हवेत पाणी असतं, तेलाचा अंशही. माझ्या भावाने हाच शहाणपणा केला. पंखा भन्नाट फिरला, बेअरिंग गेलं.

फोंड्याचा दुरुस्तीवाला: बाहेरून हवा मारून भागतही नाही. धूळ पंख्यापेक्षा त्याच्या पुढे, तांब्याच्या नळीला लागून पातळ पत्र्या असतात ना, त्यांच्या तोंडाशी बसते. घोंगडीच्या तुकड्यासारखा थर. बाहेरून फुंकलात तर तोच उलटा पंख्यात जाईल.

बंद करा, चार्जर काढा, मागचं झाकण उघडा. सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मगच बाकीचं. स्क्रू कागदावर ज्या जागचे त्या जागी मांडा, लांब-आखूड असतात. आखुडाच्या जागी लांब घातला तर कीबोर्डच्या बाजूने फुगवटा येतो. पंखा सुटला की थर चिमट्याने अख्खा उचलता येतो. उरलेलं मऊ ब्रशने. फुंकणी वापरणार असाल तर पंखा टूथपिकने अडवून धरा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नको, स्थिर विजेची भीती. तांब्याची नळी मात्र उचलू नका. उचललीत तर थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता नळीकडे नेणारा मधला लेप, नवी लावावीच लागेल.

आणि हे पावसाआधी उरका. आपली लाल माती दमट हवेत चिखलासारखी धरते. एकदा मला आत पालीची अंडी मिळाली होती, ती गोष्ट वेगळी.

मडगावकर: गादीवर ठेवून वापरता का? खालची जाळी बुजते.

डिचोलीकर: गादीवरच, कबूल. आज उघडला. थर निघाला तो बघून आई म्हणाली, उशी उसवलीस काय? आता त्याच कामाला 74 अंश. फक्त एक स्क्रू उरलाय.

फोंड्याचा दुरुस्तीवाला: लांब की आखूड?