मदत हवी आहे: वहिनीचं सीए-१२५ वाढलेलं आलंय

नमस्कार मंडळी. वहिनीने (वय ४१) हेल्थ चेकअपमध्ये 'कॅन्सर मार्कर'वालं पॅकेज घेतलं. त्रास काहीच नव्हता, सवलत होती म्हणून. रिपोर्टात सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरसाठी बघतात तो रक्तातला मार्कर) ठळक अक्षरात ५८, बाजूला '३५ पेक्षा कमी'. तेव्हापासून घरात कुणाचं जेवणात लक्ष नाही.

हा मार्कर फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ), एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), पोटाचा टीबी, इतकंच काय, पाळीतही वाढतो. रक्त दिलं तेव्हा तिची पाळी चालू होती, फायब्रॉइड तर जुनाच. ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या २ लाखांहून जास्त बायकांवर अभ्यास झाला. २०२१ च्या निष्कर्षांनुसार या तपासणीने अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. मग धडधाकट माणसाला ही टेस्ट विकतात कशाला, देव जाणे.

लॅबवाला म्हणतो लगेच पेट स्कॅन (PET, कॅन्सर शोधायला करतात तो शरीराचा स्कॅन) करा. आमच्या डॉक्टरबाई म्हणतात, आधी सोनोग्राफी, मग पाळी संपल्यावर पुन्हा रक्त. मला बाईंचं पटतंय, पण दादाला धीर नाही.

कुणाच्या घरी असं झालंय का? टेस्ट पुन्हा किती दिवसांनी केलीत? त्याच लॅबमध्ये करावी का? गायनॅककडे जावं की थेट ऑन्कोलॉजिस्टकडे (कॅन्सरच्या डॉक्टरकडे)? तिच्या आई-मावश्यांत स्तनाचा वा अंडाशयाचा कॅन्सर कुणालाच नाही. आणि कृपया काढे सुचवू नका.